भराव

डेमेराराच्या या किनाऱ्यावर जमीन समुद्रापेक्षा खाली आहे.
शाळेत शिकवतात हे, पण कळतं
जिन्याच्या पायाला शेवाळ चढल्यावर.

घर खांबांवर. खाली दोरीचा झोपाळा, बदकं, गॅसचं सिलिंडर,
आणि मे संपता संपता गुडघाभर पाणी.
ते पाणी माझं नव्हतं.
उजवीकडच्या परसॉदने तीन वर्षांपूर्वी आवार उचललं,
त्याच्या आधी कोपऱ्यावरच्या चर्चने,
चर्चच्या आधी पेट्रोल पंपाने.
हातोहात सरकत ते माझ्या दारी आलं होतं.

मग मीही बत्तीस ट्रक सांगितले.
लिंडनच्या रस्त्याची वाळू, मीठ वाटावं इतकी पांढरी.
क्विंटन ट्रक मागे घेताना हॉर्न वाजवायचा,
बदकं पहिल्यांदा घाबरली, दुसऱ्यांदा नाही.
तेविसाव्या खेपेला बायकोने
चप्पल काढून अंगणात चालून पाहिलं.
सव्विसाव्याला पैसे संपले,
टोरांटोहून भावाने पाठवले.

डावीकडे मिस इस्मे.
तिच्यापुढे घर नाही. बांध, आणि बांधापलीकडे ऊस.
वय एक्क्याऐंशी. पत्र्याच्या डब्यांतून मिरच्या लावते.
कुंपणाशी आली, वाळू मुठीत घेतली, सोडली.
विचारलं एकच:
"पाण्याला सांगितलंस का, कुठे जायचं ते?"

मी हसलो. म्हणालो, मुरेल.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं म्हणतात लोक.
आमच्याकडे नाही मुरत.
वाळूखाली निळसर चिकणमाती,
कुदळीला चिकटून राहणारी,
कुणाचंही काही पोटात न ठेवणारी.

जूनचा पाऊस तीन रात्री पडला.
समुद्राच्या भिंतीतलं कोकरचं दार
ओहोटीलाच उचलता येतं, आणि ओहोटी पहाटे चारला.
बिसून कोकरवाल्याला आम्ही दरवेळी शिव्या देतो.
त्या पहाटे तो वेळेवर होता.
दार वर होतं, समुद्र मागे हटलेला होता,
फक्त पाणी त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

माझं अंगण कोरडं.
मी वर गॅलरीत चहा घेऊन उभा,
आणि मिस इस्मेच्या आवारात
डबे निघालेले, मिरच्यांसकट,
एकामागून एक, शिस्तीत,
त्यांना मात्र कुणीतरी सांगितलं होतं कुठे जायचं.

तिने मला पाण्यात पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.
तिने वर पाहिलंच नाही.
चौथ्या पायरीवर बसून खडूने रेघ मारत होती,
रेघेशेजारी तारीख.
जुन्या रेघा दुसऱ्या पायरीच्या वर कधी गेल्या नव्हत्या.

रविवारी मी कुंपणालगत दोरी ताणली.
तीन फूट, माझ्या बाजूचे, नगद मोजलेले.
वाळू फावड्याने काढली, पोत्यांत भरली,
पोती तिच्या जिन्याशी रचली.
चर मागच्या नाल्यापर्यंत नेला.
उतार बरोबर आहे का ते कळेना,
तेव्हा पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी धरली.
शेवटी पाण्यालाच विचारावं लागलं.

नाल्याच्या तोंडाशी, परसॉदच्या पुलाखाली पाइप,
हात घातला तर खांदा अडकेल इतका अरुंद.
आत प्लास्टिकची निळी खुर्ची,
पाठीवर चर्चचं नाव.
ओढताना तिचा एक पाय तुटला.

पाणी उतरलं, दिवसाला दोन बोटं.
पाइप अजून तेवढाच आहे. नगरपालिकेत अर्ज दिलाय,
बाईंनी तो दुसऱ्या अर्जांच्या गठ्ठ्यावर ठेवला,
गठ्ठा थोडा उंच झाला.

मिस इस्मेने खुर्चीला विटांचा चौथा पाय लावला आहे.
काल तिच्यात बसून मिरच्यांची रोपं निवडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"त्या क्विंटनचा नंबर दे.
मला किती ट्रक लागतील?"

मी बांधाकडे पाहिलं.
उसाच्या पार पलीकडे, कुठे कुठे,
कामगारांच्या घरांचे पत्रे चमकत होते.

आकडा सांगितला.
तिने तो जिन्यावर लिहून घेतला, खडूने,
रेघेच्या वर.